कोपऱ्याला गोडं पाणी

रामवाडीत माझी भाड्याची खोली आहे. तिच्या मागे एक इमारत उठते आहे, आणि गेल्या आठवड्यापासून तिथे रेती चाळायला लागलेत. डोळे उघडायच्या आधी तो आवाज कानात येतो. खर्र. मग पुढचं फावडं भरेपर्यंत शांतता. मग पुन्हा खर्र. भातकापणी उरकली, मळण्या झाल्या, पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटायला लागली की आमच्या पेण तालुक्यात हा आवाज सुरू होतो, तो शिमग्यापर्यंत चालतो. भिंती सुकलेल्या असतात, माणसं शेतातून मोकळी झालेली असतात, लग्नं तोंडावर आलेली असतात. प्लास्टरचा हंगाम.

बाकीच्यांना हा आवाज शुभ वाटतो. कुणाचं तरी घर होतंय, भिंतीला अंग येतंय. मला वाटतं उठावं, खाली जावं आणि ती चाळण पालथी घालावी.

मी एरवी पत्रकं लिहिते. खाडीकाठच्या गावांची बांधासाठी एक समिती आहे, तिची. 'बंधू-भगिनींनो'ने सुरुवात, 'बहुसंख्येने उपस्थित राहावे'ने शेवट, मधे मागण्या. कागदाची एकच बाजू छापायला परवडते, त्यामुळे मुद्द्यावर यायची सवय लागली आहे. अशा लिखाणात रेतीच्या आवाजाला जागा नसते. पण तो एक हिवाळा कुठल्याच पत्रकात मावला नाही. कितीदा लिहायला बसले. दरवेळी मागण्यांपाशी आले की पेन थांबायचं. मागायचं काय, आणि कोणाकडे?

आमचं गाव खारात आहे. खार म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या भरतीला बाहेर ठेवून कमावलेली जमीन. बांधाच्या आत भात, बाहेर चिखल आणि तिवरं. बांध शाबूत तोवर गाव. त्या वर्षी पाऊस सरता सरता, उधाणाच्या दिवसांत, भर दुपारी बांध फुटला. फुटला म्हणजे धडाम वगैरे काही झालं नाही. भात लोंब्यांवर होतं. पाणी गुपचूप त्याच्या कमरेला लागलं, मग आळीत आलं, मग ओट्यावर चढलं, आणि ओहोटीला जसं आलं तसं निघून गेलं. पुढच्या भरतीला परत आलं. पहिल्यांदा सगळे ओरडले. नंतर नंतर बायका पाणी यायच्या वेळेला चुलीवरचं उतरवून ठेवायला लागल्या. सवय लागते. मला त्या सवयीचाच सगळ्यात जास्त राग येतो.

गावाने पेंढा, माती, गोण्या टाकून भगदाड कसंबसं बुजवलं. पक्का बांध हे सरकारी काम, आणि सरकारी कामाला आधी पाहणी लागते. पाहणीला साहेब लागतो. साहेबाला सवड लागते.

पाणी गेल्यावर लगेच काही कळत नाही. भिंत ओली दिसते, मग सुकते, मग चक्क बरी दिसते. मग थंडी पडते, हवा कोरडी होते, आणि भिंतीच्या पोटात गेलेलं मीठ बाहेर यायला निघतं. सपाट भिंतीवर ते पांढरं फुलतं, खराट्याने झाडता येतं. कोपऱ्यावर मात्र त्याला बाहेर पडायला दोन्ही बाजू मोकळ्या. धारेतला माल आतून फुगतो, पापुद्रा सुटतो, आणि सकाळी अंगण झाडताना केरात सिमेंटचे बोटभर तुकडे निघायला लागतात. उंदीर भाकरीला कडेपासून लागतो, तसं खारं पाणी घराला कोपऱ्यापासून लागतं.

माझ्या लहानपणी मागच्या पडवीच्या भिंती कुडाच्या होत्या, शेणामातीने लिंपलेल्या. त्यांना धार नव्हतीच. आईचा तळवा भिंतीवरून जसा वळेल तसा कोपरा वळायचा, आणि ओल्या लिंपणावर तिच्या बांगड्यांच्या बारीक रेघा उठायच्या. मीठ तिथेही यायचं. पण दर सणाला नवा हात फिरायचा, आणि मिठाला दात रोवायला तिथे कडाच नसायची. मग बाबांनी पक्कं घर बांधलं. बाबा मिठागरात होते. जन्मभर वाफ्यांच्या सरळ रेघा बघितलेला माणूस, त्यांना घराचा कोपराही तसाच हवा होता. गवंड्याच्या मागे उभं राहून त्यांनी लोखंडी गुण्या लावून लावून काटकोन तपासून घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "हात लाव बघू. कापेल!" आणि माणूस खरंच बोट लावून बघायचा, मग दोघंही हसायचे.

तेच कोपरे आधी गेले. बाबा त्याच्या आधीच गेले होते, एवढं एक बरं झालं.

तर त्या हिवाळ्यात घरात आम्ही तिघं होतो. आई, मी आणि दादा. दादा रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. त्याचं लग्नाचं वय उलटायला आलं होतं. आमच्या गावात कोणी मुली देत नाही. तोंडावर तसं म्हणत नाहीत, पत्रिका जमत नाही म्हणतात. गावातल्या झाडून सगळ्या पोरांच्या पत्रिका कशा जमत नाहीत, याचीसुद्धा कोणीतरी पाहणी करायला हवी. ग्रह बिचारे निर्दोष सुटतील. दोष पिण्याच्या पाण्याचा आहे. विहिरीचं पाणी मचूळ झालेलं, टँकर आला तर आला, आणि आला की बाईने कळशी घेऊन धावायचं. असल्या घरात लेक कोण देईल? मी आई असते तर मीही दिली नसती.

आणि अशात अष्टमीचं स्थळ आलं. रोह्यात कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. दादाच्या शिफ्टमधल्या एकाच्या ओळखीतलं घर, बाजारालगत, नळाचं पाणी. मुलगी आणि दादा पुलाच्या कठड्याला टेकून एकदा बोलली होती. काय बोलली ते दादाने सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर तो आंघोळ करताना गुणगुणायचा, आणि माझा तो रेड्यासारखा भाऊ गुणगुणतोय हे बघून आई न्हाणीच्या बाहेर तोंडाला पदर लावून हसत उभी राहायची. दोघांना पसंत होतं. राहिलं होतं फक्त मोठ्या माणसांनी येऊन घर बघणं.

आईने घराला एक फेरी मारली. पुढचे दोन्ही कोपरे गुडघ्याइतके विटेवर आले होते. मागच्या कोपऱ्याची तर वीटही पिठासारखी बोटाला लागत होती.

"हे बघून कोन पोर देनार?" ती म्हणाली.

दादाने हमीदचाचांना आणलं. गवंडी, तेही अष्टमीचेच. उमेदीची वर्षं आखातात काढलेली. तिकडे कसल्या कसल्या बंगल्यांच्या भिंती केल्या, ते सांगायची एकही संधी सोडायचे नाहीत. जीभ थापीपेक्षा जास्त चालायची. बाबांच्या कोपऱ्याचा जो काही भाग वर शिल्लक होता त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

"ही धार कोणी काढली? घर हाय का कुऱ्हाड?"

"बाबांनी करून घेतली होती," मी म्हटलं. जरा लागलंच मला.

"अल्ला त्यांना जन्नत देवो. पण खाडीला धार आवडते, पोरी. पोरं बिस्किट कशी कोपऱ्यापासून खातात? तशी. आपण कोपराच ठेवायचा नाय. गोला मारू."

गोला मारणं म्हणजे काय ते मी ओट्यावर बसून बघितलं. पत्रकवाल्या माणसाला दुसऱ्याचं काम बघत बसायची सवय नसते, पण मी बसले. आधी नुसतं फोडणं. सडलेला माल खरवडून काढायचा, हातोडी मारल्यावर वीट खणखणीत वाजेपर्यंत. मग तारेच्या ब्रशने घासायचं आणि गोड्या पाण्याने धुवायचं. सुकू द्यायचं, पांढरं वर आलं की पुन्हा घासायचं, पुन्हा धुवायचं. मग सिमेंटचं पातळ पाणी शिंपडायचं आणि त्यावर माल थापायचा, दोन्ही भिंतींना सारखा, कोपऱ्याला थोडा जादा. आणि मग थांबायचं. अंगठा दाबला तर ठसा उमटला पाहिजे पण माल अंगठ्याला चिकटता कामा नये, अशी एक वेळ येते. ती येईपर्यंत चाचा दुबईच्या गोष्टी सांगायचे. गोष्ट रंगात आलेली असायची, समोरचा हसत असायचा, आणि चाचा मधेच उठायचे. वेळ आलेली असायची.

त्यांच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाईपचा उभा चिरलेला हातभर तुकडा होता, आतून घासून घासून काचेसारखा झालेला. तो कोपऱ्यावर बसवायचा आणि खालून वर एका दमात ओढायचा. मधे थांबलं की तिथे कोपऱ्याला पोट सुटतं. शेवटी जुन्या स्लीपरचा तुकडा पाण्यात बुडवून वरून हलकाच फिरवायचा, झोपलेल्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. खाली भिंत आणि ओटा मिळतात तिथेही त्यांनी आतून गोलसर उतार काढला, वाटा म्हणतात त्याला, म्हणजे आलेलं पाणी सांदीत रेंगाळायला नको. मी हात लावून बघितला कोपरा. नुकतीच तळ्यातून वर आलेली म्हैस असते ना, तिची पाठ. थंड, ओली, आणि कुठेही बोट अडत नाही.

निघताना चाचा आईला म्हणाले, "भाभी, पाणी मात्र गोडंच. मालात मी गोडं घातलंय. आता भिंत पक्की होईस्तोवर वरून मारायचं तेही गोडंच. खारं मारलंत तर हमीद इकडे आलाच नव्हता असं समजा."

त्याच दिवसांत, आमचे कोपरे होऊन गेल्यावर, निरोप आला. बांधाच्या पाहणीला साहेब येणार.

त्या निरोपासाठी आम्ही समितीवाल्यांनी किती खेटे घातले होते ते आता सांगत नाही, लिहून लिहून गुळगुळीत झालंय. गावातलं नुकसान डोळ्यांनी दिसलं तर बांधाचं काम धरू, असं तोंडी कबूल झालं होतं. मी बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं. 'साहेब येईपर्यंत कोणीही भिंतीला हात लावू नये. जे खाल्लं गेलं आहे, ते दिसू द्या.' दुसरं वाक्य मला फार आवडलं होतं. घरोघर वाटलं. शेजारच्या काशीकाकूने माझ्याकडूनच वाचून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "बेस लिवलंस गो." मग कागद कमरेला खोचला आणि रेती चाळायला बसली.

गावात चाचा होते. आणि साहेब येणार होते. आमच्याकडे माणूस येणार म्हटलं की भिंतीला हात फिरतो. जावई येऊ दे, गौर येऊ दे, मतं मागायला येऊ दे. उघड्या भिंतीने पाहुण्याला सामोरं जायचं नाही. आख्खी आळी चाचांच्या मागे लागली. ज्यांच्याकडे सिमेंट होतं त्यांनी सिमेंट काढलं, नव्हतं त्यांनी माती आणि चुना. चाचांना उसंत मिळेना तेव्हा बायकांनी चिरलेला पाईप मागून घेतला आणि स्वतःच ओढला. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून सगळ्या घरांचे दर्शनी कोपरे गोल झाले.

मी आळीत उभी राहून ओरडले. "अगो, कळतंय का काय करताय? साहेबाला नुकसान दाखवायचंय!"

"मंग दाखव ना बांध," काशीकाकू म्हणाली. "बांध काय आमी सारवला?"

"घरं दाखवायची आहेत. घरं!"

"साहेब काय डॉक्टर हाय? त्याला कापडं काढून दाखवायला?"

सगळ्या हसल्या. मीच तेवढी हसले नाही. आई बाजूला उभी होती. तिला साहेबाशी काही कर्तव्यच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे अष्टमीचे पाहुणे होते.

साहेब आले. गाडी चिखलाच्या अलीकडे थांबली. बांध त्यांनी लांबून बघितला, गोण्या टाकलेल्या दिसल्याच त्यांना, आणि मग आळीतून चालत आले. खरं सांगते, माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पत्रकात मावला असता. ओट्याखाली बूट काढले, आईच्या हातचा चहा घेतला, साखर कमी आहे का विचारल्यावर नाही म्हणाले. तो चहा टँकरच्या पाण्याचा होता. आळीत प्रत्येक घराने पाणी पुढे केलं.

"घरांचं नुकसान कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं.

"या प्लास्टरच्या आत आहे, साहेब."

"आतलं मी कसं लिहू, ताई? दिसतं ते लिहायचं असतं." आणि मग त्यांचा हात, कोणाचाही जाईल तसा, आमच्या कोपऱ्यावर गेला. वर-खाली फिरला. "हे गोल कोणी केलंय? फार सुबक आहे. आमच्याकडे बाल्कनीच्या कोपऱ्याला धाकट्याचं डोकं सारखं आपटतं."

चाचा पुढे झाले. साहेबांनी त्यांचा फोन नंबर घेतला. माझ्या डोळ्यांदेखत. खाडीत बुडालेल्या गावात येऊन सरकारने शेवटी कागदावर काय उतरवून घेतलं, तर गवंड्याचा नंबर.

माझं डोकं फिरलं. चाचांची थापी घमेल्यात पडली होती, ती उचलली आणि कोपऱ्यापाशी गेले. माल अजून हिरवा, कच्चा होता, दोन घावांत सगळं वर आलं असतं. पिठूळ वीट, पांढरं मीठ, सगळं. साहेबही थबकून बघायला लागले. आईने मागून माझं मनगट धरलं. तिचा हात सिमेंटने खरखरीत झाला होता.

"नको गो," ती हळू म्हणाली. "त्याचं लगीन हाय."

मी थापी घमेल्यात ठेवली. साहेब बूट घालून निघाले.

आता या रामवाडीच्या खिडकीतून बघते तर समोर कोपऱ्याला प्लास्टिकची पट्टी बसवून सरळसोट धार काढतायत. पटापट होतं. टँकर येऊन उभा राहतो आणि मजूर नळी धरून भिंती भिजवतो. पाणी भिंतीवरून उतरतं, गटाराला मिळतं, रस्त्यावर पसरतं, रिक्षावाले शिव्या घालत त्यातून जातात. कोणी तहानेचा विचार करत नाही, आणि का करावा? तिथे ते नुसतं पाणी आहे. मी मात्र वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत असते आणि मनात कळश्या भरत असते. हा माझा आजार आहे. खारातून माणूस बाहेर येतो, असं होत नाही.

कारण त्या हिवाळ्यात, साहेब गेल्यावर, टँकर आला नाही. आज येतो म्हणाले, उद्या येतो म्हणाले. पिंपातलं पाणी खाली खाली चाललं. आईने पहिल्यांदा कोपऱ्यांना गोडंच पाणी मारलं, तांब्याने, थेंब सांडू न देता. मग पिंपाचा तळ दिसायला लागला. मग ती पहाटे उठून विहिरीचं पाणी काढायला लागली. "थोडंच तर खारं हाय," ती म्हणाली. पुढचे कोपरे दिसणारे, त्यांना पिंपातलं. मागचा कोपरा न दिसणारा, त्याला विहिरीचं. भिंत की पोटं, असं तिला निवडायचं होतं, आणि तिने दोघांना थोडं थोडं दिलं. मला कोणी सांगावं, चुकलं काय तिचं? कुठल्या बाईला हे निवडायला लागू नये, ही खरी मागणी आहे. पण ती लिहायची कुठल्या खात्याला?

अष्टमीचे पाहुणे आले तेव्हा घर सुरेख दिसत होतं. मुलीचे वडील, मामा आणि आत्या. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कुठे उभं राहावं ते त्याला कळत नव्हतं. वडिलांनी पुढच्या कोपऱ्यावर हात फिरवला आणि खूश झाले. "हमीदचं काम ना? बघताच कळलं." पोहे झाले, चहा झाला. कंपनी पर्मनंट कधी करणार, याची चौकशी झाली. वडील हसत होते. आईच्या चेहऱ्यावर मी किती वर्षांनी तो उजेड बघितला.

आत्या हात धुवायला मागच्या दारी गेल्या. मी तांब्या घेऊन गेले. हात धुतले, पदराला पुसले, आणि त्यांची नजर मागच्या कोपऱ्याकडे गेली. कोपरा गोल होता, गुळगुळीत होता, आणि खाली वीतभर पांढरा फुलला होता. पीठ चाळताना उडून बसतं तसा. आत्या वाकल्या. नखाने ते पांढरं खरवडलं आणि बोट जिभेला लावलं.

असं करताना मी फक्त आमच्याच बायकांना बघितलंय.

"मी पन खारातलीच," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लगीन होऊन अष्टमीला आले. बांध कधी फुटला?"

खोटं बोलायला हवं होतं का? मी बांधाच्या समितीची. बांध फुटला हे ओरडून सांगणं हेच माझं काम. मी सांगितलं.

"बांधतायत का परत?"

"पाहणी झाली."

त्यांनी मान हलवली. पाहणी झाली म्हणजे काय, ते खारातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. तोवर आई मागे येऊन उभी राहिली होती. आत्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "वैनी, पोरगा सोन्यासारखा हाय. घर पन झ्याक केलंत. पन आमच्या पोरीला कळशीची सवय नाय हो." त्यांचे डोळे भरले होते. नकार देणारी माणसं तोऱ्याने वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

नंतर फोन आला. पत्रिका जमत नाही म्हणाले.

चाचांनी पुढे सांगितलं की मुलीचे वडील घर बघायला येण्याआधी त्यांना गाठून विचारून गेले होते, तिथे खारं पाणी येतं का. "मी बोललो, भिंत कशी हाय ते इचार, खाडीचं मला इचारू नको. माझा धंदा भिंतीचा." हे सांगताना चाचा पहिल्यांदाच दुबईबद्दल काही बोलले नाहीत. साहेबांच्या कागदाचंही कळलं यथावकाश. 'घरे सुस्थितीत.' दोनच शब्द. चांगलं मराठी आहे. पत्रकातसुद्धा इतकं मोजकं लिहायला मला जमत नाही.

ज्याला दाखवायचं होतं त्याच्यापासून आम्ही लपवलं, आणि जिच्यापासून लपवायचं होतं तिने ते जिभेवर घेतलं. मीटिंगमध्ये मी हे सांगते तेव्हा लोक हसतात. माझ्या सांगण्यातच काहीतरी चुकत असणार.

त्यानंतर बांध परत फुटला, परत गोण्या पडल्या, परत फुटला. आता भगदाडाला गावात नाव आहे, ओढ्याला असावं तसं. भात कोणी लावत नाही. वाल होत नाही. काशीकाकू पनवेलला लेकाकडे गेली, जाताना माझं ते पत्रक देवाच्या फळीखाली घडी घालून ठेवलेलं मला दाखवलं तिने. "कागद चांगला होता गो, टाकवला नाय." आळीत दिवे कमी होत गेले. आम्ही समितीवाले अजून अर्ज देतो. अर्ज घेणारा माणूस बदलतो, तो विचारतो, गावात राहतं कोण? आणि खरंच, काय सांगायचं? माणसं नाहीत म्हणून बांध नाही. बांध नाही म्हणून माणसं नाहीत. हा मात्र कोपरा त्यांनी अगदी गुण्यात बसवलाय.

दादाने आता अष्टमीलाच खोली घेतली आहे, पुलाच्या जवळ. लग्न केलं नाही. ती मुलगी तिथेच बाजारात कधी भाजी घेताना दिसते म्हणे, कडेवर मूल असतं. हे मला दादाने नाही, चाचांनी सांगितलं. आई इतकी वर्षं हलली नव्हती. या वर्षी गुडघे बोलायला लागले आणि ती गाव सोडायला तयार झाली. सामान बांधायला मी गेल्या रविवारी गावाला गेले, तर दारात रेतीचा ढीग आणि ओट्यावर हमीदचाचा.

"हे काय?"

"कोपरे करून घेतेय," आई म्हणाली. पुढचे, मागचे, सगळेच परत विटेवर आले होते.

"आई, उद्या कुलूप लावायचंय घराला. प्लास्टर कसलं करतेस?"

"उघडं टाकून कसं जायचं?"

"अगं, कोण येणाराय आता बघायला?"

"भरती येनार ना," ती म्हणाली.

चाचांनी तोच पाईप आणला होता. हात थोडा थरथरतो आता त्यांचा, म्हणून एका जागी कोपऱ्याला किंचित पोट सुटलं. त्यांनी ते बघितलं आणि तसंच राहू दिलं. माल थापून झाला की बसून राहायचे, गोष्ट नाही काही नाही, आणि वेळ झाली की उठायचे. आळीत दुसरा आवाज नव्हता. एका कुलूप लावलेल्या दारावर माझं कुठलं तरी जुनं पत्रक अर्धं लोंबत होतं. 'बहुसंख्येने' एवढंच वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, कोपऱ्यांना पाणी मारायचं होतं. मी सवयीने बादली उचलली आणि विहिरीकडे वळले.

"तिकडचं नको गो," आईने हाक मारली. ती दारात बोचक्यावर बसली होती, पायात नवी चप्पल घालून. "पिंपातलं घे. गोडं मार या खेपेला. सगळं मार. आता प्यायला कोन हाय?"

मी पिंपाचं झाकण काढलं. तांब्या भरला. मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. ओतलं की आत जात होतं, ओतलं की आत. पिंप अर्धं झालं तरी कोपरा पितच होता.